लस एकाला, रक्षण दुसऱ्याचें

औषध हें ज्याचें त्यानें आपल्यासाठीं घ्यावयाचें, ही समजूत इतकी जुनी आणि इतकी स्वाभाविक आहे कीं, तिला अपवाद असूं शकेल हें सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. ताप आलेल्यानें तापाचें औषध घ्यावें, मधुमेह असलेल्यानें मधुमेहाचें घ्यावें. शेजाऱ्यानें तें घेऊन भागत नाहीं. परंतु रुग्णालयांतील परिचारिका, वॉर्डांतील फरशी पुसणारा कामगार, केसपेपर लिहिणारा कारकून किंवा शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर जेव्हां दरवर्षीं इन्फ्लुएंझाची लस टोंचून घेतो, तेव्हां त्या सुईचा लाभ पुष्कळ अंशीं दुसऱ्याच कोणाला तरी व्हावयाचा असतो. तो दुसरा म्हणजे समोरच्या खाटेवरचा रुग्ण. कधीं तो ऐंशी वर्षांचा वृद्ध असतो, कधीं चार दिवसांचें मूल, कधीं कर्करोगाच्या उपचारांनीं क्षीण झालेली स्त्री, तर कधीं एच.आय.व्ही.चा संसर्ग असलेला तरुण. या सर्वांमध्यें एक गोष्ट समान असते. रोगाशीं झुंजण्याची त्यांची स्वतःची शक्ति उणी असते. आणि म्हणूनच त्यांना दिलेली लसहि कधीं कधीं उणी पडते.

सेवा करणारे आणि ज्यांची सेवा करावयाची ते, असे हे दोन वर्ग. लशीच्या बाबतींत त्यांचा विचार निरनिराळा केला जातो. वास्तविक तो एकत्र केल्याशिवाय या लशीचें खरें प्रयोजन उमगत नाहीं.

प्रथम रोगाविषयीं थोडें सांगणें अवश्य आहे. सर्दीपडशाला ‘फ्लू’ म्हणण्याची शहरांतून संवय पडून गेली आहे आणि त्यामुळें मूळ रोगाचें गांभीर्य लोपलें आहे. साधें पडसें हें अनेक प्रकारच्या विषाणूंमुळें होतें व बहुधा चार दिवसांत आपोआप ओसरतें. इन्फ्लुएंझा हा त्याहून वेगळ्या विषाणूचा रोग. त्यांत एकाएकीं ताप भरतो, अंग मोडून येतें, कोरडा खोकला सुरू होतो, आणि धडधाकट माणूसहि आठवडाभर अंथरुणाला खिळतो. बहुतेक लोक बरे होतात. परंतु कांहींच्या फुप्फुसांत तो उतरतो, किंवा त्यानें खिळखिळ्या केलेल्या श्वासमार्गांत दुसरे जंतु शिरून न्यूमोनिया होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणें जगांत दरवर्षीं सुमारें शंभर कोटी लोकांना हा रोग होतो, तीस ते पन्नास लाख लोकांना तो तीव्र स्वरूपांत होतो, आणि श्वसनाच्या विकारांनीं २ लाख ९० हजार ते साडेसहा लाख माणसें त्यानें दगावतात.

महाराष्ट्राला या रोगाची ओळख नव्यानें करून देण्याची आवश्यकता नाहीं. जून १९१८ मध्यें मुंबईच्या गोदीवर पहारा करणारे पोलीस शिपाई तापानें आजारी पडले, आणि तेथून पसरलेली सांथ पावसाळ्याच्या अखेरीस दुसऱ्यांदा उसळली, तेव्हां तिनें हाहाकार उडविला. खेड्यापाड्यांतून तिला ‘मानमोडी’ असें नांव पडलें. हिंदुस्थानांत त्या सांथीनें नेमके किती लोक बळी पडले याविषयीं अभ्यासकांत मतभेद आहेत. तथापि पुष्कळांचा अंदाज सव्वा कोटी ते दोन कोटी यांच्या दरम्यान आहे. १९११ पासून १९२१ पर्यंतच्या दहा वर्षांत या देशाची लोकसंख्या वाढण्याऐवजीं किंचित् घटली, हें १९२१ च्या शिरगणतीनें दाखवून दिलें. तसा प्रसंग त्यानंतरच्या कोणत्याहि शिरगणतींत आलेला नाहीं.

त्या वेळीं रोगाचें कारण कोणालाच ठाऊक नव्हतें. तें १९३३ मध्यें उजेडांत आलें. विल्सन स्मिथ, ख्रिस्तोफर अँड्र्यूज आणि पॅट्रिक लेडलॉ या तीन ब्रिटिश संशोधकांनीं रुग्णाच्या घशांतील स्राव गाळून तो फेरेट नांवाच्या, मुंगुसासारख्या दिसणाऱ्या लहान प्राण्याच्या नाकांत सोडला, आणि त्या प्राण्याला माणसासारखाच इन्फ्लुएंझा झाला. सूक्ष्म जंतूहि ज्यांतून पार होत नाहींत अशा गाळणीतून जें पलीकडे गेलें, तोच रोगाचा विषाणु होय, हें यावरून सिद्ध झालें. पुढें कोंबडीच्या अंड्यांत तो वाढविण्याची युक्ति सांपडली. आणि १९४०च्या दशकांत थॉमस फ्रान्सिस व त्यांचे सहकारी यांनीं अमेरिकन लष्करासाठीं मारलेल्या विषाणूंची लस तयार केली. या सहकाऱ्यांमध्यें पोलिओच्या लशीमुळें पुढें जगप्रसिद्ध झालेले जोनास साल्क हेहि होते.

लस हातीं आली, आतां रोग संपलाच, असें वाटण्याच्या सुमारास विषाणूनें आपला स्वभाव दाखविला. १९४७ च्या सांथींत जुन्या वाणांची लस जवळजवळ निरुपयोगी ठरली. याचें कारण असें कीं, देवीच्या विषाणूप्रमाणें हा विषाणु एकाच रूपानें राहत नाहीं. तो बहुरूपी आहे. त्याच्या पृष्ठभागावर दोन प्रकारचीं प्रथिनें असतात व त्यांवरूनच शरीर त्याला ओळखतें. हीं प्रथिनें वर्षानुवर्ष थोडथोडीं बदलत जातात. गेल्या वर्षीं पाठ झालेला चेहरा यंदा पुरता जुळत नाहीं, आणि बहुरूपी दारांतून आंत येऊन जातो तरी पहारेकऱ्याला ओळख पटत नाहीं. कधीं कधीं तर पशुपक्ष्यांमधील विषाणूंशीं सरमिसळ होऊन अगदींच नवें रूप जन्माला येतें. २००९ ची ‘स्वाइन फ्लू’ची सांथ अशाच रूपाची होती, भारतांत तिचा पहिला मृत्यु त्या वर्षीं ऑगस्टमध्यें पुण्यांत नोंदला गेला.

या बहुरूप्याच्या पाळतीवर राहण्यासाठीं जागतिक आरोग्य संघटनेनें १९५२ मध्यें प्रयोगशाळांचें एक जाळें उभारलें. पुण्याची राष्ट्रीय विषाणु संस्था ही त्या जाळ्यांतील भारताचें केंद्र आहे. ठिकठिकाणच्या रुग्णांचे नमुने तपासून कोणतीं रूपें फिरत आहेत हें पाहिलें जातें, आणि वर्षांतून दोनदां, फेब्रुवारींत उत्तर गोलार्धासाठीं व सप्टेंबरांत दक्षिण गोलार्धासाठीं, पुढील हंगामाच्या लशींत कोणते वाण घालावे याची शिफारस होते. सांप्रत बहुतेक लशींत तीन वाण असतात. पूर्वीं चौथाहि असे, परंतु ‘बी’ जातीची एक शाखा मार्च २०२० नंतर कोठेंच खात्रीनें आढळली नाहीं, म्हणून ती वगळण्याचा सल्ला २०२३ मध्यें देण्यांत आला. ही लस दरवर्षीं कां घ्यावी लागते, याचें उत्तर या सर्व हकीकतींत आहे. विषाणु बदलतो हें एक कारण. आणि लशीनें आलेली शक्ति कांहीं महिन्यांत ओसरूं लागते हें दुसरें.

आतां लस काम कशी करते तें पाहूं. लस ही स्वतः रोगाशीं लढत नाहीं, ती शरीराला लढण्याची तालीम देते. दंडांत टोंचलेल्या द्रवांत मारलेल्या विषाणूंचे अंश असतात. शरीरांतील पांढऱ्या पेशी त्यांची ओळख करून घेतात आणि दोन आठवड्यांच्या सुमारास रक्तांत प्रतिद्रव्यें तयार होतात. म्हणजे संरक्षण हें लशीच्या बाटलींत नसतें, तें टोंचून घेणाऱ्याच्या शरीरांत निर्माण व्हावें लागतें. लशींतील वाण आणि फिरणारे वाण यांचा मेळ चांगला बसला त्या वर्षीं रोगाचा धोका साधारणपणें ४० ते ६० टक्क्यांनीं कमी होतो. मेळ न बसल्यास त्याहून कमी. हें प्रमाण गोंवर किंवा देवी यांच्या लशींच्या मानानें बेताचें आहे, हें कबूल केलें पाहिजे. तरीहि लस घेऊन आजारी पडलेल्या माणसाचा आजार पुष्कळदां सौम्य राहतो, आणि एवढ्या मोठ्या संख्येनें होणाऱ्या रोगांत अर्धा धोका टळणें ही लहान गोष्ट नव्हे.

परंतु येथेंच एक विलक्षण पेंच उभा राहतो. तालीम घेण्यासाठीं शरीरांत जोम हवा. जो जितका अशक्त, तितकी त्याला रोगाची भीति अधिक; आणि जो जितका अशक्त, तितका त्याच्या शरीरांत लशीचा परिणाम कमी. ज्याला ढालीची गरज सर्वांत जास्त, त्याच्याच हातांत ती पेलण्याचें बळ नाहीं. हा पेंच एच.आय.व्ही.च्या बाबतींत विशेष स्पष्टपणें दिसतो.

एच.आय.व्ही. हा विषाणु नेमका शरीरांतील सी.डी.-४ नांवाच्या पांढऱ्या पेशींवर घाला घालतो. निरोगी माणसाच्या एक घन मिलिमीटर रक्तांत या पेशी साधारण ५०० ते १५०० असतात. त्या स्वतः फारसें लढत नाहींत. इतर पेशींना हुकूम देणें हें त्यांचें काम. गडाची तटबंदी शाबूत, दारूगोळा भरपूर, शिबंदीहि तयार, परंतु किल्लेदारच नाहींसा झाला म्हणजे जी अवस्था होईल, ती या रोगांत शरीराची होते. उपचार न झाल्यास सी.डी.-४ पेशींची संख्या २०० च्या खालीं जाते आणि किरकोळ जंतुहि प्राणघातक ठरूं लागतात. इन्फ्लुएंझा तर किरकोळ नाहींच. दक्षिण आफ्रिकेंतील रुग्णालयांच्या नोंदींवरून असें दिसून आलें आहे कीं, एच.आय.व्ही.चा संसर्ग असलेल्यांना इन्फ्लुएंझामुळें रुग्णालयांत दाखल होण्याची पाळी इतरांच्या मानानें कित्येक पटींनीं अधिक येते, आणि दाखल झाल्यावर मृत्यूचा धोकाहि अधिक असतो.

येथें एक समाधानाची गोष्ट सांगितली पाहिजे. प्रभावी औषधें नियमानें घेणाऱ्या माणसाच्या रक्तांत एच.आय.व्ही. इतका दबून जातो कीं तो चांचणींत सांपडत नाहीं, सी.डी.-४ पेशी पुन्हा वाढूं लागतात आणि तो इतरांसारखें दीर्घ व कार्यक्षम आयुष्य जगूं शकतो. भारतांत सरकारी केंद्रांतून हीं औषधें एप्रिल २००४ पासून विनामूल्य मिळूं लागलीं. किल्लेदार गडावर परत आला म्हणजे लशीची तालीमहि अधिक चांगली वठते. म्हणून संसर्ग असलेल्यानें औषधें न चुकवणें हीच इन्फ्लुएंझाविरुद्ध पहिली तयारी होय. तथापि औषधें चालू आहेत म्हणून लस नको, असें मात्र नाहीं.

अशा लोकांना लस खरोखर उपयोगी पडते काय, याची कसोटी जोहान्सबर्ग येथें २००८ मध्यें घेण्यांत आली. शबीर माधी या संशोधकाच्या नेतृत्वाखालीं एच.आय.व्ही.चा संसर्ग असलेल्या ५०६ प्रौढांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणें दोन गट करण्यांत आले. एका गटाला मारलेल्या विषाणूंची लस टोंचली, दुसऱ्याला नुसतें मिठाचें पाणी. कोणाला काय मिळालें हें टोंचून घेणाऱ्यांनाहि ठाऊक नव्हतें आणि त्यांना तपासणाऱ्यांनाहि नव्हतें. हंगामाच्या अखेरीस लस मिळालेल्या गटांत तपासणीनें सिद्ध झालेला इन्फ्लुएंझा सुमारें तीनचतुर्थांशांनीं कमी भरला. रुग्णांची एकूण संख्या लहान होती, त्यामुळें हा आंकडा अगदीं काटेकोर समजूं नये. परंतु लस कुचकामी नाहीं हें त्यानें दाखविलें. उलट त्याच देशांत संसर्ग असलेल्या लहान मुलांवर केलेल्या प्रयोगांत तसा स्पष्ट लाभ दिसला नाहीं. फिलाडेल्फिया येथील एका प्रयोगांत नेहमींच्या चौपट मात्रेची लस दिली असतां संसर्ग असलेल्या प्रौढांत कांहीं वाणांविरुद्ध प्रतिद्रव्यें अधिक प्रमाणांत निर्माण झालीं. सारांश, लस या लोकांना लाभते. पण ती किती लाभेल याची हमी त्यांच्या सी.डी.-४ पेशींवर अवलंबून राहते.

लशीच्या प्रकाराविषयीं एक खबरदारी घ्यावी लागते. इन्फ्लुएंझाची लस दोन तऱ्हेची असते. एक दंडांत टोंचण्याची. तिच्यांत जिवंत विषाणु नसतो, त्यामुळें तिनें रोग होणें अशक्य असतें, मग प्रतिकारशक्ति कितीहि उणी असो. दुसरी नाकांत फवारण्याची. तिच्यांत दुबळा केलेला, परंतु जिवंत विषाणु असतो. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनें २०१० मध्यें अशीच नाकांतील लस तयार केली होती. निरोगी माणसाला जिवंत लस चालते, परंतु एच.आय.व्ही.चा संसर्ग असलेल्यांनीं मारलेल्या विषाणूंची, टोंचण्याचीच लस घ्यावी, असा सर्वसाधारण वैद्यकीय सल्ला आहे. लस टोंचल्यानें रक्तांतील एच.आय.व्ही. वाढेल अशी भीति पूर्वीं व्यक्त होत असे. कांहीं रुग्णांत तशी अल्पशी व तात्पुरती वाढ दिसली होती. तिनें प्रकृतीला अपाय झाल्याचें आढळलें नाहीं.

येथपर्यंत एक बाजू झाली. ढाल पेलण्याचें बळ कमी असलेल्या माणसाभोंवतीं इतरांनीं उभें राहावें, ही दुसरी बाजू. आणि रुग्णाच्या सर्वांत जवळ कोण उभें असतें? त्याचे नातलग भेटीच्या वेळीं येऊन जातात. परंतु त्याला उठवून बसविणारी, त्याचा ताप पाहणारी, त्याच्या तोंडाजवळ वांकून औषध देणारी परिचारिकाच असते. ती एका खाटेवरून दुसऱ्या खाटेकडे दिवसभर फिरत असते. इन्फ्लुएंझाचा विषाणु लक्षणें दिसण्यापूर्वीं साधारण एक दिवस आधींपासून दुसऱ्याकडे जाऊं शकतो. तेव्हां ताप आल्यावर रजा घेईन, हा प्रामाणिक बेतहि पुरेसा ठरत नाहीं.

शिवाय ताप येतोच असेंहि नाहीं. ग्लासगो शहरांतील चार रुग्णालयांच्या कर्मचाऱ्यांचें रक्त १९९३-९४ च्या हिवाळ्यापूर्वीं व नंतर तपासण्यांत आलें. ५१८ जणांपैकीं १२० जणांना, म्हणजे जवळजवळ चौथ्या हिश्शाला, त्या हिवाळ्यांत इन्फ्लुएंझा होऊन गेल्याची खूण रक्तांत सांपडली. त्यांतील निम्म्याहून अधिक लोकांना आपल्याला इन्फ्लुएंझा झाला होता असें आठवेना. चौथ्या हिश्शाहून जास्त जणांना तर साधें पडसेंहि आठवेना. हे लोक त्या दिवसांत कामावरच होते. आपण रोगाचे वाहक झालों आहोंत याची जाणीवहि नसतांना ते रुग्णांमध्यें वावरत होते, असाच याचा अर्थ होतो.

अशा कर्मचाऱ्यांना लस दिली तर त्यांचा स्वतःचा बचाव होतो, याविषयीं चांगला पुरावा आहे. अमेरिकेंत बाल्टिमोर येथें १९९२ पासून १९९५ पर्यंत तीन हिवाळे रुग्णालयांतील डॉक्टर-परिचारिकादि २६४ लोकांवर प्रयोग झाला. तिन्ही हिवाळ्यांची गोळाबेरीज केली असतां, इन्फ्लुएंझाची लस न मिळालेल्या १७९ जणांत २४ जणांच्या रक्तांत संसर्गाची खूण आढळली. लस मिळालेल्या १८० जणांत ती केवळ तिघांत आढळली. हे लोक तरुण व निरोगी होते, म्हणून तालीम उत्तम वठली. जो सशक्त आहे त्याच्याच शरीरांत लस पुरतें काम करते, हा जो पेंच वर सांगितला, त्याचीच ही उजळ बाजू होय.

आतां खरा प्रश्न असा कीं, कर्मचाऱ्यांना लस दिल्यानें रुग्ण वांचतात काय? स्कॉटलंडांत वृद्धांच्या रुग्णालयांतून याचे दोन मोठे प्रयोग झाले. १९९७ मध्यें प्रसिद्ध झालेल्या पहिल्या प्रयोगांत, ज्या रुग्णालयांत कर्मचाऱ्यांना लस देण्यांत आली तेथें हिवाळ्यांतील रुग्णांचे मृत्यु १०० मागें १० होते. जेथें दिली नाहीं तेथें १७. दुसरा २००० मध्यें प्रसिद्ध झाला. त्यांतील २० रुग्णालयांत हेंच प्रमाण अनुक्रमें १३.६ व २२.४ असें आढळलें. आंकडे मनावर ठसणारे आहेत. परंतु त्यांवर टीकाहि झाली आहे, आणि ती दृष्टीआड करणें योग्य नव्हे. दुसऱ्या प्रयोगांत रुग्णांच्या नाकांतील स्राव तपासला असतां इन्फ्लुएंझाचें प्रमाण दोन्हीकडे जवळजवळ सारखेंच निघालें. मग मृत्यूंतील एवढी मोठी तफावत केवळ लशीमुळें पडली, असें कसें म्हणावें? या सर्व प्रयोगांचा पुढें ज्यांनीं एकत्रित आढावा घेतला, त्यांनीं पुरावा निर्णायक नाहीं असा अभिप्राय दिला.

तेव्हां विवेकी निष्कर्ष असा निघतो. कर्मचाऱ्यांच्या लसीकरणानें रुग्णांचे प्राण नेमके किती वांचतात, हें ठामपणें सांगतां येत नाहीं. परंतु कर्मचाऱ्यांना नकळत संसर्ग होतो हें सिद्ध आहे. लस तो पुष्कळ कमी करते हेंहि दिसून आलें आहे. आणि ज्याला संसर्ग झालाच नाहीं तो तो दुसऱ्याला देऊं शकत नाहीं, हें तर उघड आहे. लशीची किंमत अल्प, तिचा त्रास बहुधा दोन दिवस दंड दुखण्यापलीकडे जात नाहीं, आणि दुसऱ्या पारड्यांत अशा माणसाचा जीव आहे कीं जो स्वतःचें रक्षण पुरतें करूं शकत नाहीं. एवढ्या गोष्टी लक्षांत घेतां पारडें कोणीकडे झुकतें हें सांगावयास नको.

एकाची लस दुसऱ्याच्या कामीं येते, याचें आणखी निर्विवाद उदाहरण जोहान्सबर्गच्या सोवेटो या भागांत मिळालें. तेथें २०११ व २०१२ मध्यें गरोदर स्त्रियांना ही लस देण्यांत आली. एच.आय.व्ही. नसलेल्या २११६ स्त्रियांच्या गटांत आईचा धोका तर सुमारें निम्म्यानें घटलाच, परंतु तिच्या तान्ह्या मुलाचाहि जवळजवळ तितकाच घटला. सहा महिन्यांच्या आंतील मुलाला ही लस देतां येत नाहीं. त्याच्या वांट्याचें रक्षण आईच्या दंडांतूनच यावें लागतें. त्याच प्रयोगांत एच.आय.व्ही.चा संसर्ग असलेल्या १९४ स्त्रियांनाहि लशीचा स्वतःपुरता लाभ झाला.

दक्षिण आफ्रिकेनें २०१० पासून सरकारी खर्चानें इन्फ्लुएंझाचें लसीकरण सुरू केलें. लस थोडी आणि माणसें पुष्कळ, म्हणून तेथें प्राधान्याचे वर्ग ठरविले गेले. त्या एकाच यादींत गरोदर स्त्रिया, वृद्ध, एच.आय.व्ही.चा संसर्ग असलेले लोक आणि आरोग्यसेवक हे शेजारीं शेजारीं बसले आहेत. ज्याला धोका आहे तो, आणि ज्याच्याकडून धोका पोहोंचूं शकतो तो, दोघांचाहि विचार तेथें एकाच पंक्तींत झाला.

असें असूनहि जगभर पुष्कळ रुग्णालयांत कर्मचारी ही लस घेण्यास टाळाटाळ करतात, ही आश्चर्याची पण खरी गोष्ट आहे. कारणें सर्वत्र सारखींच असतात. लशीनेंच फ्लू होतो, असें कांहीं म्हणतात. टोंचण्याच्या लशीनें तो होऊं शकत नाहीं हें वर आलेंच आहे. मी कधीं आजारी पडत नाहीं, असें दुसरे म्हणतात. ग्लासगोच्या कर्मचाऱ्यांचें रक्त त्याला उत्तर देतें. वेळ मिळत नाहीं, असें तिसरे म्हणतात, आणि त्यांचें म्हणणें मात्र पुष्कळदां खरें असतें. रात्रपाळी संपवून घरीं निघालेल्या परिचारिकेनें लशीसाठीं आणखी तासभर रांगेंत उभें राहावें, ही अपेक्षा रास्त नाहीं. लस तिच्याकडे वॉर्डांत चालून आली पाहिजे, आणि ती तिच्या पगारांतून जातां कामा नये.

सक्ति करावी काय, हा प्रश्न यापुढें येतो. अमेरिकेंत सिएटल येथील व्हर्जिनिया मेसन या रुग्णालयानें २००४ मध्यें लस ही नोकरीची अटच करून टाकली. पहिल्याच वर्षीं ९७ टक्क्यांहून अधिक कर्मचाऱ्यांनीं ती घेतली. परंतु संघटनेशीं विचारविनिमय न करतां अशी अट लादतां येणार नाहीं, अशी हरकत परिचारिकांच्या संघटनेनें घेतली. प्रकरण न्यायालयापर्यंत गेलें, आणि संघटनेच्या बाजूनें निकाल लागला. लस न घेणाऱ्या परिचारिकांनीं हंगामांत तोंडाला मुखपट्टी बांधावी, असा मार्ग तेथें निघाला. सक्तीनें संख्या वाढते हें खरें. पण समजावून, सोय करून आणि विनामूल्य देऊन जें साधतें तें आधीं साधून पाहणें हें अधिक शहाणपणाचें होय.

भारताकडे वळतां स्थिति अशी दिसते. केंद्रीय आरोग्य मंत्रालयानें आरोग्यसेवकांना ही लस घेण्याची शिफारस केली आहे. परंतु राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमांत ती सर्वांसाठीं समाविष्ट नाहीं, आणि बहुतेक कुटुंबांना ती स्वतःच्या खर्चानें घ्यावी लागते. काळाचाहि विचार करावा लागतो. युरोप-अमेरिकेंत इन्फ्लुएंझा हिवाळ्यांतला रोग आहे. महाराष्ट्रांत व देशाच्या बऱ्याच भागांत त्याचा मुख्य जोर पावसाळ्यांत, जुलैपासून सप्टेंबरपर्यंत असतो, आणि दुसरी लहान लाट जानेवारी ते मार्च या काळांत येते. परिणाम दिसण्यास दोन आठवडे लागतात हें ध्यानांत घेतलें म्हणजे येथें लस एप्रिल-मे महिन्यांत, छत्र्या बाहेर निघण्यापूर्वीं घेणें इष्ट ठरतें. पाश्चात्त्यांचें पाहून ऑक्टोबरची वाट पाहणाऱ्याचा अर्धाअधिक धोक्याचा काळ तसाच निघून जातो.

एच.आय.व्ही.च्या बाबतींत आणखी एक अडचण आहे, आणि ती वैद्यकीय नसून सामाजिक आहे. लशीच्या रांगेंत ‘तुम्हांला ही लस कशासाठीं हवी?’ असा प्रश्न चारचौघांत विचारला गेला, तर संसर्ग असलेला माणूस उत्तर देण्यापेक्षां परत फिरणें पसंत करतो. २०१७ चा एच.आय.व्ही. व एड्सविषयक कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून अमलांत आला. त्यान्वयें कोणाच्याहि संसर्गाची माहिती त्याच्या संमतीवांचून उघड करतां येत नाहीं. परंतु कायद्याचा हात दवाखान्याच्या खिडकीपर्यंत दर वेळीं पोहोंचतोच असें नाहीं. औषधें घेण्यासाठीं तो ज्या केंद्रांत नियमानें जातो, तेथेंच लस देण्याची व्यवस्था असणें हा याला सरळ उपाय आहे. तेथें त्याला कांहीं सांगावें लागत नाहीं.

गृहस्थांच्या हातीं यांतील काय आहे? पुष्कळच आहे. घरांत वृद्ध, तान्हें मूल, गरोदर स्त्री किंवा कोणत्याहि कारणानें प्रतिकारशक्ति उणी असलेलें माणूस असेल, तर एकट्या त्याच्याच लशीचा विचार न करतां त्याच्याबरोबर राहणाऱ्यांच्या लशीचाहि विचार करावा, आणि त्याबद्दल आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. दिवसभर सोबतीला राहणारी बाई किंवा घरीं येणारी परिचारिका असल्यास तिच्या लशीचा खर्च घरानें करावा. तो तिच्यावर उपकार नसून आपलीच गरज आहे. अंगांत कणकण असतांना रुग्णाला भेटावयास जाऊं नये. न गेल्यानें होणारा रुसवा विषाणूपेक्षां लवकर बरा होतो. प्रतिकारशक्ति उणी असलेल्या माणसाला पावसाळ्यांत एकाएकीं ताप व खोकला आल्यास, लस घेतलेली असली तरी, त्याच दिवशीं डॉक्टरांना दाखवावें. कारण इन्फ्लुएंझावरील औषध पहिल्या ४८ तासांत सुरू झालें तर अधिक गुणकारी ठरतें.

समाजांत सर्वांचें बळ सारखें नसतें, आणि तें सारखें करून देणारी लस अद्याप कोणी शोधलेली नाहीं. परंतु सशक्ताच्या शरीरांत निर्माण झालेलें रक्षण अशक्तापर्यंत पोहोंचविण्याची वाट मात्र उपलब्ध आहे. ती वाट निरोगी माणसाच्या दंडांतून जाते. रुग्णालयांत काम करणाऱ्यानें ती मोकळी ठेवली, तर समोरच्या खाटेवरच्या माणसाला त्याचा पत्ताहि लागणार नाहीं. त्याला न झालेल्या आजाराबद्दल तो कोणाचे आभारहि मानणार नाहीं. दुसऱ्यासाठीं घेतलेल्या लशीचें स्वरूपच असें आहे कीं, तिचें यश कोणाला दिसत नाहीं.